गळाचे नेढे, बदलते दोरे आणि गाठी

हॉल अँड नाइटचे बीजगणित ज्यांनी सोडवले, किंवा निदान आजोबांच्या कपाटात धूळ खाताना पाहिले, त्यांना त्यातला हॉल मासे गरवण्याच्या इतिहासात भेटेल असे वाटणार नाही. पण माणूस तोच. हेन्री सिंक्लेअर हॉल इंग्लंडमध्ये ब्रिस्टलच्या क्लिफ्टन कॉलेजात गणित शिकवत आणि फावल्या वेळात ट्राउट माशाच्या मागे नदीकाठ धुंडाळत. १८७९ च्या सुमारास त्यांनी अगदी बारीक गळालाही नेमके, भरवशाचे नेढे पाडून घेण्याचा ध्यास घेतला. आज दुकानातून ल्युअर, म्हणजे माशाला भुलवणारे बनावट आमिष, आणून काठावर उभ्या-उभ्या दोऱ्याला बांधता येते, त्याची सुरुवात बऱ्याच अंशी या मास्तरांच्या हट्टात आहे.

तोवर काय चाले? मोठ्या गळांना नेढी असत, पण ट्राउटसाठी लागणारा बारीक गळ बिननेढ्याचाच. त्याच्या दांड्याला दोऱ्याचा तुकडा लावायचा, वरून मेणवलेला रेशमी धागा घट्ट गुंडाळायचा आणि त्यावरच पिसांची माशी रचायची. म्हणजे आमिष, गळ आणि दोरा जन्मापासून एकत्र. पाण्यावर गेल्यावर बांधायचे काही नाही, दोऱ्याच्या टोकाचा फास फक्त दुसऱ्या फासात अडकवायचा. दोरा मात्र गळाच्या मानेपाशीच झिजायचा, आणि तिथे तो तुटायला आला की चांगली माशीही फेकावी लागे. नेढे आल्यावर झिजलेले टोक कापून पुन्हा बांधता येऊ लागले. गाठ घरातून नदीकाठावर आली ती तेव्हा.

दोरा कशाचा, हा प्रश्न त्याहून जुना. १४९६ साली इंग्लंडमध्ये छापलेल्या गरवण्याच्या पुस्तिकेत घोड्याच्या शेपटीच्या केसांचा हिशेबच दिला आहे. अगदी छोट्या मिनो माशाला एक केस, ट्राउटला नऊ, मोठ्या ट्राउटला बारा आणि सॅमनला पंधरा केसांचा पीळ. पुढे आली रेशीमकिड्याची तात. स्पेनमधल्या मुर्सिया भागात हा मोठा धंदा होता. कोष विणायच्या बेतात असलेला किडा व्हिनेगरमध्ये मुरवायचा आणि त्याच्या पोटातल्या रेशमाच्या ग्रंथी हाताने ओढून लांबवायच्या. वाळला की तयार होई जेमतेम हातभर, चिवट, पाण्यात जवळपास न दिसणारा तंतू. तो कोरडा असताना गाठ मारली तर कडकन मोडे. म्हणून शौकीन लोक ओल्या फ्लॅनेलच्या घड्यांत तात ठेवून चपटी डबी खिशात बाळगत.

हॅम्पशायरच्या मेजर टर्ल यांच्या नावाची गाठ याच तातीच्या काळातली. ती नेढ्यावर बसत नाही. दोरा नेढ्यातून आत जातो आणि फास गळाच्या मानेभोवती आवळतो, त्यामुळे माशी पाण्यावर सरळ बसते. ही गाठ आपण शोधली असा दावा मेजरसाहेबांनी केला नव्हता. तरी नाव त्यांचेच चिकटले.

मग आले नायलॉन. ड्यूपाँ कंपनीने १९३८ साली त्याची घोषणा केली आणि दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षांतच मुर्सियाचा धंदा बसला. आपल्याकडे कोळीवाड्यापासून पतंगाच्या दुकानापर्यंत सगळे ज्याला तंगूस म्हणतात, तो हाच एकेरी नायलॉनचा दोरा. स्वस्त, एकसलग, भिजवून ठेवायची कटकट नाही. पण गुळगुळीत आणि लवचीक, त्यामुळे तातीवर विश्वासाने बसणाऱ्या गाठी त्यावरून सरकू लागल्या. क्लिंच गाठीला जास्तीचा एक वळसा मिळाला तो यासाठीच. दोरा नेढ्यातून काढायचा, मूळ दोऱ्याभोवती पाच-सहा वेढे द्यायचे, टोक नेढ्याजवळच्या छोट्या फटीतून घालायचे आणि मग नव्याने तयार झालेल्या मोठ्या फासातून परत काढायचे. हे शेवटचे काढणे म्हणजे सुधारित क्लिंच. आवळण्याआधी थुंकी लावायची, कारण कोरडे नायलॉन स्वतःवरच घासून तापते आणि तिथेच अशक्त होते. मासा तोडून गेला तर उरलेले टोक बघावे. डुकराच्या शेपटीसारखे गुंडाळलेले असेल तर गाठ सरकली. खुशाल दोऱ्याला शिव्या द्याव्यात, पण दोष बांधणाऱ्याचा.

ल्युअरने यात वेगळीच अडचण आणली. आमिष नुसते लटकत असते तोवर गाठ घट्ट असली की भागते, पण ल्युअरला पोहावे लागते. अमेरिकेत ज्युलिओ ब्यूएल यांनी १८५२ साली चमच्याच्या ल्युअरचे पेटंट घेतले. गरगर फिरणाऱ्या चमच्याने दोऱ्याला पीळ बसतो, म्हणून मध्ये फिरकी, म्हणजे स्विव्हल, लागते. आपल्याकडे गोऱ्या साहेबांनी महसीर माशामागे हेच चमचे फिरवले. महसीर नुसत्या जबड्याच्या दाबाने गळ चेपतो, त्यामुळे त्यांची निम्मी चर्चा गाठीपेक्षा कड्या आणि गळांच्या मजबुतीवरच चाले.

फिनलंडच्या लाउरी रापाला यांची गोष्ट अधिक रंजक. पाय्यान्ने सरोवरावर पोट भरणाऱ्या या मच्छीमाराने १९३६ साली बुचाच्या लाकडातून एक मासोळी कोरली, वर चॉकलेटची चांदी लावली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून त्याचा लेप दिला. जखमी मासोळीसारखी ती डुलायची, पण नाकावर गाठ आवळली की डुलणे बंद. म्हणून नेढ्याभोवती सैल फास राहील अशी गाठ हवी. रापालाच्या नावाने ओळखली जाणारी गाठ तशीच आहे. तिच्यात ल्युअर फासावर मोकळे झुलते आणि ओढ मात्र वरच्या गाठीवर येते.

१९९० च्या दशकात विणलेला पीई, म्हणजे पॉलिएथिलीनचा, दोरा बाजारात आला आणि गाठींची घडी पुन्हा विस्कटली. तेवढ्याच जाडीच्या तंगुसाच्या कितीतरी पट ताकद, ताणले जाणे जवळजवळ शून्य, पण इतका निसरडा की सुधारित क्लिंचही सुटते. शिवाय पॉलिएथिलीन नायलॉनपेक्षा बऱ्याच कमी तापमानाला वितळते, म्हणून घर्षण त्याला जास्त बाधते. त्यावर पॅलोमार नावाची गाठ चालते. दोरा दुमडून नेढ्यातून काढायचा, साधी गाठ मारायची आणि अख्खे ल्युअर फासातून ओवायचे. तीन-तीन तिहेरी गळ लोंबणारे ल्युअर ओवताना बोटांचे काय होते, ते ज्याने केले त्यालाच विचारा.

म्हणूनच कोकणात खडकावरून जिताड्यासाठी ल्युअर फेकणारी आजची मंडळी सहसा पीई थेट बांधत नाहीत. पुढे वाव-दीड वाव फ्लुरोकार्बनचा लीडर, म्हणजे ल्युअरआधीचा दोऱ्याचा वेगळा तुकडा. फ्लुरोकार्बनचा दोरा जपानच्या कुरेहा कंपनीने १९७१ पासून विकायला आणला. पीई आणि लीडर यांचा सांधा जपानी एफजी गाठीने. तिच्यात पीई लीडरभोवती आलटून-पालटून गुंफत जातो आणि ओढ वाढेल तशी पकड वाढते. लीडरच्या टोकाला फासाची गाठ किंवा छोटी क्लिप. क्लिपने ल्युअर चटकन बदलते, पण हलकी क्लिप मोठ्या माशाने सरळ केल्याच्या कहाण्या प्रत्येक बंदरावर ऐकू येतात. तिथे जुने लोक अजून फासच बांधतात.