सहा व्होल्टची ठिणगी आणि ‘गरम’ प्लग

आपल्याकडचा ट्रॅक्टर डिझेलवर चालतो आणि डिझेल इंजिनात स्पार्क प्लग नसतोच. दाबून तापलेल्या हवेत इंधन आपोआप पेट घेतं. अमेरिकेत मात्र १९४७ ते १९५२ या काळात बनलेले फोर्डचे ‘८एन’ ट्रॅक्टर आजही लोक चालवतात, आणि त्यांचं इंजिन पेट्रोलचं आहे: चार सिलिंडर, जेमतेम दोन लिटर, ६ व्होल्टची बॅटरी. असा ट्रॅक्टर मिसिंग करू लागला की मालक दुकानात जाऊन सगळ्यात महागडा, इरिडियमचा प्लग शोधतो. तिथेच पैसे वाया जातात.

प्लग निवडताना बघायचं ते त्याच्या टोकाचं तापमान. ते साधारण ४५० ते ५०० अंश सेल्सियसच्या वर राहिलं तर टोकावर बसलेली काजळी जळून जाते. ८००-८५० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं आणि पिस्टनची वाट लागते. हे तापमान ठरतं आतल्या पांढऱ्या चिनीमातीच्या नाकावर. नाक लांब असेल तर उष्णतेला सिलिंडर हेडपर्यंत पोचायला लांबचा रस्ता पडतो, टोक तापलेलं राहतं. हा ‘गरम’ प्लग. नाक आखूड, तर ‘थंड’. गरम प्लगची ठिणगी जोरदार असते हा समज मात्र चुकीचा आहे, ठिणगीचा याच्याशी काही संबंध नाही.

८एनचं काम बहुतेक वेळा हलकं: गवत कापायचं, ट्रॉली इकडची तिकडे करायची. त्यात कॉम्प्रेशन कमी, रिंगा झिजून थोडं तेल वर येणारं. अशा इंजिनात थंड प्लग काळा पडतो. काजळीतून करंट वाहतो, म्हणजे गॅपमध्ये, टोकांमधल्या फटीत, उडी मारण्याऐवजी वीज काजळीवरूनच निसटते. मेकॅनिकच्या भाषेत ‘प्लग शॉर्ट झाला’. म्हणून तिकडचे जुने जाणकार ऑटोलाइट ४३७ सारखा गरम प्लग घालतात, गॅप ०.०२५ इंच, म्हणजे ०.६४ मिलिमीटर. आकड्यांचा घोळ तेवढा सांभाळायचा: चॅम्पियन कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की प्लग गरम, एनजीके कंपनीच्या प्लगमध्ये आकडा वाढला की थंड!

६ व्होल्टवर ही गळती जास्त का भोवते? सेल्फ मारताना बॅटरीचा दाब आणखी खाली येतो, आणि नेमकी तेव्हाच कॉइलला, म्हणजे बॅटरीचा दाब वाढवून प्लगला देणाऱ्या तारेच्या गुंडाळीला, ठिणगी द्यायची असते. पॉइंट, म्हणजे कॉइलचा प्रवाह चालू-बंद करणारे दोन छोटे संपर्क, उघडले की कॉइलमधला प्रवाह तुटतो, चुंबकीय क्षेत्र कोसळतं आणि दुसऱ्या, हजारो वेढ्यांच्या तारेत काही हजार व्होल्ट तयार होतात. पॉइंटवर ठिणगी उडून ते जळू नयेत म्हणून शेजारी कंडेन्सर, वीज तात्पुरती साठवणारा छोटा भाग, असतो. पॉइंटवर सतत निळसर ठिणग्या दिसल्या तर संशय आधी कंडेन्सरवर घ्यावा. चालू असलेला जुना कंडेन्सर ‘नवा तो चांगला’ म्हणून फेकू नये, असं माझं मत.

सुरुवातीच्या ८एनवर डिस्ट्रिब्युटर, म्हणजे पॉइंट ज्यात असतात आणि जो ठिणगीची वीज एकेका प्लगला वाटतो तो भाग, इंजिनाच्या पुढच्या बाजूला, पंख्यामागे दडलेला असतो. दोन बोल्ट काढून तो बाहेर टेबलावर आणायचा आणि पॉइंटचा गॅप ०.०१५ इंच लावायचा. १९५० मध्ये तो बाजूला आला. त्याचा गॅप ०.०२५ इंच. गॅप मोजायच्या पातळ पट्टीला, फीलर गेजला, तेल लागलेलं असतं, ते पॉइंटवर राहिलं की जळून थर बसतो. म्हणून शेवटी कोऱ्या जाड कागदाची पट्टी पॉइंटमधून ओढून काढावी. डिस्ट्रिब्युटर परत बसवताना त्याचा दांडा एकाच बाजूने बसतो. बसत नसेल तर दांडा फिरवून बघायचा, बोल्ट आवळून दाबायचा नाही. दाबलात तर कान तुटतात.

प्लगच्या वायरी तांब्याच्या तारेच्या घ्याव्यात. कार्बनवाल्या वायरी रेडिओतली खरखर कमी करतात, पण या ट्रॅक्टरवर रेडिओ आहेच कुठे?

पुष्कळ जण बॅटरी १२ व्होल्टची करतात. पुढच्या बाजूच्या चौकोनी कॉइलला मग योग्य रेझिस्टर लागतो. नाहीतर प्रवाह वाढून कॉइल तापते, आतलं डांबर वितळून बाहेर येतं. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते. मूळ ट्रॅक्टरमध्ये बॅटरीचा पॉझिटिव्ह बॉडीला जोडलेला असतो, बदलानंतर बहुधा निगेटिव्ह. अशा वेळी बाजूच्या गोल कॉइलच्या दोन बारीक वायरींची अदलाबदल करावी लागते. प्लगचा मधला इलेक्ट्रोड तापलेला असतो आणि तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून तो निगेटिव्ह असला की ठिणगी कमी व्होल्टेजला पडते. वायरी उलट राहिल्या तरी इंजिन चालतं. त्रास होतो तो थंडीत, सकाळी सेल्फ मारताना.