2⁶⁷ − 1 : छपाईची चूक की गणिताची?

14,75,73,95,25,89,67,64,12,927. ही एकवीस अंकी संख्या म्हणजे 2⁶⁷ − 1. बुद्धिबळाच्या पटावर घरागणिक दुप्पट दाणे ठेवण्याची गोष्ट आपण लहानपणी ऐकलेली असते. तसे आठ पट भरायचे आणि वर सात दाणे टाकायचे, की ही संख्या तयार.

1644 साली पॅरिसमधल्या एका धर्मगुरूने घातांकांची यादी छापली : 2, 3, 5, 7, 13, 17, 19, 31, 67, 127, 257. 2 चा तेवढा घात घेऊन 1 वजा केला, की एवढ्याच घातांकांना मूळ संख्या मिळते, 257 पर्यंत दुसऱ्या कशालाही नाही, असा दावा. सिद्धता दिली नव्हती.

1883 मध्ये 61 या घातांकाची संख्या मूळ निघाली, आणि ती यादीत नव्हती. मग खुलासा पुढे आला की लिहिलं 61 असणार, छापणाऱ्याने 67 केलं. हा खुलासा आजही अधूनमधून भेटतो, पण मला तो फार सोयीचा वाटतो. यादीतला प्रत्येक आकडा दोनच्या कुठल्या ना कुठल्या घाताच्या तीनच्या आत आहे : 13 आणि 19 हे 16 पासून तीनवर, 31 हा 32 च्या अलीकडे, 257 हा 256 च्या पलीकडे. 67 हा 64 पासून तीनवर, म्हणजे तो या रांगेत चपखल बसतो. 61 सुद्धा तीनवरच आहे, हे मान्य. पण समजा खिळे जुळवणाराच चुकला, तरी 257 चं काय? 2²⁵⁷ − 1 ही संख्या संयुक्त आहे. आणि 89, 107 हे दोन घातांक सुटले, ते कोणाच्या माथी मारायचे? एकाच चुकीचं खापर छापखान्यावर फोडून यादी वाचत नाही.

67 चा निकाल मात्र 61 च्या आधीच, 1876 मध्ये लागला होता. एका फ्रेंच गणितज्ञाच्या कसोटीने ही संख्या मूळ नाही हे दाखवलं, पण विभाजक एकही न सापडता. या जातीची कसोटी आज अशी करतात : 4 पासून सुरुवात, वर्ग करा, 2 वजा करा, 2⁶⁷ − 1 ने भागून बाकी घ्या, असं 65 वेळा. शेवटी बाकी शून्य उरली तर मूळ, नाहीतर संयुक्त. भांडं फुटलंय हे आवाजावरून कळावं आणि तडा दिसू नये, तसं हे.

तडा दिसला ऑक्टोबर 1903 मध्ये, न्यूयॉर्कच्या एका सभेत. वक्त्याने म्हणे तोंडातून शब्द न काढता फळ्यावर दोन हिशेब मांडले : एकीकडे 2 चा घात, दुसरीकडे 19,37,07,721 × 7,61,83,82,57,287. उत्तरं जुळली. तीन वर्षांचे रविवार त्यात गेले, असंही सांगतात. प्रसंगाचं हे रंगीत वर्णन बऱ्याच दशकांनंतरचं, तेव्हा थोडं मीठमसाला धरून चाला; गुणाकार तेवढा निर्विवाद. विभाजक 134 च्या पटीत एक मिळवून येणारा हवा, हे आधीपासून माहीत होतं. तरी लहान विभाजकापर्यंत अशा 14,45,580 जागा येतात. एकेक तपासत बसणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने वर्गांच्या बाक्यांवरून चाळणी लावली.

आज हेच विभाजन संगणक क्षणात करतो. पण ‘संयुक्त आहे’ आणि ‘विभाजक हे घ्या’ यांतलं अंतर बुजलेलं नाही. 2¹²⁷⁷ − 1 ही 385 अंकी संख्या संयुक्त आहे हे पक्कं ठाऊक आहे. तिचा एकही विभाजक अजून हाती लागलेला नाही.