"पीआरआय आयपीवर घेतली" म्हणजे नेमकं काय केलं?

ऑफिसातला आयटीवाला सांगतो, "आपली पीआरआय आयपीवर घेतली." विजेच्या सबस्टेशनवरचा टेलिकॉम इंजिनिअर म्हणतो, "जुनं ई-वन आयपीवर टाकलं." पीआरआय आणि ई-वन म्हणजे एकाच वेळी अनेक कॉल नेणारी डिजिटल टेलिफोन लाइन, आणि आयपी म्हणजे इंटरनेटसारखं, पॅकेटं वाहून नेणारं नेटवर्क. वाक्य जवळपास एकच. दोघांच्या रॅकमध्ये डबाही सारखाच दिसतो: एका बाजूला ई-वनचं पोर्ट, दुसऱ्या बाजूला ईथरनेट. पण पहिल्याने टेलिफोनची पद्धतच बदलली आहे, दुसऱ्याने फक्त मधली तार. पहिल्या प्रकाराला व्हीओआयपी (आयपीवरून आवाज) म्हणतात, दुसऱ्याला सर्किट इम्युलेशन किंवा टीडीएम ओव्हर आयपी; टीडीएम म्हणजे एकाच तारेवर वेळेचे खाने वाटून अनेक कॉल पाठवायची जुनी पद्धत. कोटेशनमध्ये ही नावं एकमेकांच्या जागी बिनदिक्कत लिहिलेली मी पाहिली आहेत आणि माल आल्यावर त्यावरून झालेली भांडणंही.

फरक कळायला आधी ई-वन कळलं पाहिजे. आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजतात, प्रत्येक मोजणीचे ८ बिट, म्हणजे एका कॉलला ६४ केबीपीएस. असे ३२ खाने एकापाठोपाठ एक लावले की एक फ्रेम होते, आणि दर १२५ मायक्रोसेकंदांनी एक फ्रेम निघते. एकूण वेग २.०४८ एमबीपीएस. शून्याव्या खान्यात फ्रेम कुठे सुरू होते याची खूण, सोळाव्यात साधारणपणे सिग्नलिंग, म्हणजे कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप, उरलेल्या ३० खान्यांत ३० कॉल. ऑफिसात येणारी पीआरआय म्हणजे हेच ई-वन. तिच्या सोळाव्या खान्यात हे निरोप नेणारा डी-चॅनल बसतो. (अमेरिकेत १९६२ पासून टी-वन आहे, त्यात २४ खाने. आपल्याकडे ई-वनच.)

या ३२ खान्यांवर कुठलाही पत्ता लिहिलेला नसतो. पाचव्या खान्यातलं बाइट पाचव्या कॉलचं, कारण ते पाचव्या जागी आलं, एवढंच. आयपी पॅकेटवर पत्ता असतो, ते उशिरा आलं तरी कोणाचं ते कळतं. ई-वनमध्ये वेळ हाच पत्ता. वेळ चुकली की ३० जणांची वाक्यं एकमेकांच्या कानात जायची.

कोकण रेल्वेची रो-रो सेवा आठवा. १९९९ पासून कोलाडला भरलेले ट्रक सपाट वॅगनवर चढवतात आणि गोव्यात वेर्ण्याला उतरवतात. ट्रकचं सील तुटत नाही, आत काय आहे ते रेल्वे बघत नाही, ड्रायव्हर आपल्याच केबिनमध्ये बसून असतो. सर्किट इम्युलेशन म्हणजे ही रो-रो. व्हीओआयपी म्हणजे कोलाडला ट्रक रिकामा करून, माल तपासून, नव्या खोक्यांत भरून पार्सलने पाठवणं. दोन्हीत माल गोव्याला पोचतो, पण ट्रक पोचतो तो रो-रोनेच.

आता पार्सलवाल्याकडे नीट पाहू. व्हीओआयपी गेटवे, म्हणजे जुनी लाइन आणि आयपी यांच्यामधला डबा, पीआरआय स्वतःपाशी संपवतो. डी-चॅनलवरचा "अमुक नंबरला कॉल लाव" हा निरोप तो वाचतो आणि त्याचं सिप भाषेत (आयपीवर कॉल लावायची भाषा) रूपांतर करतो. आवाज उघडतो, साधारण २० मिलिसेकंदांचे तुकडे करतो, हवं तर जी.७२९ सारख्या कोडेकने (आवाज आवळायच्या रीतीने) ६४ चे ८ केबीपीएस करतो. कोणी बोलत नसेल तर पॅकेट पाठवणंही थांबवता येतं. पलीकडचा गेटवे तेवढ्या वेळात बारीकशी खरखर ऐकवतो, लाइन मेली असं वाटू नये म्हणून. पॅकेटं मागेपुढे आली तर शांततेच्या जागा थोड्या ताणतो किंवा आवळतो. एखादं हरवलं तर आधीच्याच आवाजावरून अंदाजपंचे भरून काढतो. माणसाचा कान या सगळ्याला माफ करतो.

फॅक्स माफ करत नाही. मोडेमही नाही, लिफ्टमधला जुना अलार्म डायलरही नाही. त्यांच्या दृष्टीने शांतता ताणणं म्हणजे डेटा बिघडवणं. म्हणून व्हीओआयपीवर फॅक्ससाठी टी.३८ नावाची वेगळी सोय लागते: गेटवे स्वतःच फॅक्स मशिनचं सोंग घेतो, मजकूर काढून घेतो आणि पलीकडे पुन्हा शिट्ट्या वाजवतो. सर्किट इम्युलेशनला अशी कुठलीच सोय लागत नाही, कारण त्याला आत फॅक्स आहे हे ठाऊकच नसतं. कॉल लागला की तुटला हेसुद्धा ठाऊक नसतं. त्यामुळे इम्युलेशनच्या डब्याकडे कॉलची यादी मागणाऱ्यांना हात हलवत परत जावं लागतं.

"इम्युलेशन बँडविड्थ खातं, व्हीओआयपी वाचवतं" हे सगळेच सांगतात. हिशेब करून बघा. इम्युलेशनमध्ये ई-वनचे २५६ बाइट एका पॅकेटात घालण्याचा प्रघात आहे. म्हणजे ८ फ्रेम, बरोबर एक मिलिसेकंद. सेकंदाला १,००० पॅकेटं. आयपी आणि यूडीपी यांची हेडरं (पॅकेटवरचा पत्ता वगैरे) आणि नियंत्रणाचे चार बाइट मिळून ३२ बाइटचं ओझं धरलं तर आयपी थरावर २.३०४ एमबीपीएस होतात. आता तेच ३० कॉल व्हीओआयपीवर, आवाज न आवळता जी.७११ मध्ये: १६० बाइट आवाज, ४० बाइट हेडर, सेकंदाला ५० पॅकेटं, म्हणजे एका कॉलला ८० केबीपीएस. ३० कॉल एकदम चालू असतील तर २.४ एमबीपीएस, इम्युलेशनपेक्षा जास्तच. जी.७२९ घेतला तर मात्र एका कॉलला २४, सगळे मिळून ७२० केबीपीएस. बचत होते ती आवाज आवळल्यामुळे आणि रिकाम्या वेळी गप्प बसल्यामुळे, नुसतं आयपीवर गेल्यामुळे नाही. इम्युलेशन गप्प बसत नाही. दिवाळीच्या सुट्टीत ऑफिसला कुलूप असलं तरी एका दिशेला दिवसाला ८ कोटी ६४ लाख पॅकेटं जातच राहतात.

घाईघाईत कोणी उशीर कमी करायला पॅकेटमध्ये एकच फ्रेम भरली, तर ३२ बाइट मालाला ३२ बाइट ओझं होतं आणि लाइन ४ एमबीपीएसच्या वर जाते. तेव्हा तो आकडा उगाच छेडू नये.

पण माझ्या मते या दोघांतला खरा फरक बँडविड्थचा नाही, घड्याळाचा आहे.

व्हीओआयपीत दोन टोकांची घड्याळं थोडी पुढेमागे असली तरी चालतं. कधीतरी एखादा नमुना गाळला, कधी एक जास्त घातला, कोणाला पत्ता लागत नाही. ई-वनमध्ये बिट ज्या वेगाने आले त्याच वेगाने पलीकडे निघावे लागतात, अगदी तंतोतंत. मूळ तांब्याच्या किंवा फायबरच्या ई-वनवर हा वेग बिटांबरोबर आपोआप यायचा. कित्येक टूजी टॉवर आपली रेडिओ फ्रिक्वेन्सी त्यावरूनच लावून घ्यायचे, आणि तिथे चूक अब्जात ५० भागांपेक्षा जास्त चालत नाही. आयपीत पॅकेटं येतात ती कधी घोळक्याने, कधी तुरळक. त्यातून मूळ ठेका शोधून काढणं हेच इम्युलेशनच्या डब्याचं निम्मं काम.

तो कसा शोधतो? गच्चीवरच्या टाकीचा विचार करा. वरून पाणी झटक्याझटक्याने येतंय, खालची तोटी मात्र एकसारखी वाहायला हवी. पातळी हळूहळू चढत असेल तर तोटी जरा उघडायची, उतरत असेल तर जरा आवळायची. बफरच्या (आलेली पॅकेटं थोडा वेळ साठवायची जागा) पातळीवरून घड्याळ लावण्याच्या या पद्धतीला अ‍ॅडॅप्टिव्ह क्लॉक म्हणतात. दोन्ही टोकांना एकच विश्वासाचं घड्याळ पोचत असेल, समजा सिंक्रोनस ईथरनेटमधून (घड्याळही वाहून नेणारं ईथरनेट) किंवा जीपीएसवरून, तर अंदाज करायची गरजच उरत नाही. फक्त त्या सामायिक घड्याळापासूनचा फरक पाठवायचा.

एका कारखान्याच्या दोन युनिटांमध्ये इम्युलेशनवर टाय लाइन (दोन एक्सचेंज जोडणारी लाइन) बसवली होती. पिंग स्वच्छ, पॅकेट लॉस शून्य, कॉल उत्तम. तरी दर सहा-सात मिनिटांनी लाइन एक झटका खायची आणि चालू फॅक्स अर्धवट यायचा. सगळे नेटवर्कवाल्याच्या मागे लागले. तो बिचारा ग्राफ दाखवून थकला. शेवटी घड्याळ घेऊन बसलो तेव्हा दिसलं की झटका अगदी ठराविक अंतराने येतो, आणि ठराविक अंतराने येणारा दोष गर्दीचा नसतो. दोन्ही डब्यांवर क्लॉक "इंटर्नल" ठेवलं होतं. बफर ८ मिलिसेकंदांचा, मधोमध भरलेला, म्हणजे दोन्ही बाजूंना ४ मिलिसेकंदांची जागा. दोन डब्यांच्या घड्याळांच्या क्रिस्टलांत दशलक्षात १० भागांचा फरक असेल तर ती जागा ४०० सेकंदांत संपते. म्हणजे पावणेसात मिनिटांना जरा कमी. एका टोकाला एक्सचेंजकडून घड्याळ घ्यायला लावलं, दुसऱ्याला अ‍ॅडॅप्टिव्हवर टाकलं, आणि फॅक्स पुरे यायला लागले. त्या जागी व्हीओआयपी असतं तर कोणाला काही कळलंच नसतं, पण मग फॅक्सचं रडगाणं वेगळं सुरू झालं असतं.

इम्युलेशनच्या घरातही दोन भाऊ आहेत, त्यांचीही अदलाबदल होते. एक सॅटॉप (इंटरनेटच्या नियमावलीतला दस्तऐवज आरएफसी ४५५३, २००६), दुसरा सेसोपीएसएन (आरएफसी ५०८६, २००७). सॅटॉप ई-वनकडे नुसता बिटांचा ओघ म्हणून पाहतो, फ्रेम कुठे सुरू होते याच्याशी त्याला देणंघेणं नाही. सेसोपीएसएन फ्रेम ओळखतो आणि हवे तेवढेच खाने उचलतो. सहाच खाने वापरात असतील तर सहाच. रो-रोच्या भाषेत, ट्रक तोच, पण रिकामे क्रेट कोलाडलाच उतरवून ठेवले.

त्यांच्यातला फरक पॅकेट हरवल्यावर उघडा पडतो. पुन्हा मागवायला वेळ नसतो, म्हणून सॅटॉप हरवलेल्या जागी सगळे १ भरतो. त्या ८ फ्रेममध्ये फ्रेमची खूण चारदा येते, एकाआड एक. ई-वनचा नियम असा की सलग तीन खुणा चुकल्या की फ्रेम हरवली असं समजायचं. म्हणजे एकच पॅकेट गळालं तरी पलीकडचं एक्सचेंज काही क्षण बावचळतं आणि तीसही कॉलना धक्का बसतो. सेसोपीएसएनमध्ये खूण पलीकडचा डबा स्वतः तयार करतो, त्यामुळे तिला काही होत नाही. गेला तो एक मिलिसेकंदाचा माल. मग सगळे सॅटॉप का घेतात? कारण तो लावायला सोपा आहे, आणि फ्रेमच नसलेलं ई-वन असेल तर दुसरा पर्यायच नसतो.

ऑफिसच्या फोनसाठी आज इम्युलेशन घेणं मला तरी पटत नाही. सिप ट्रंक (टेलिफोन कंपनीकडून सिपवर येणारी लाइन) घ्यावी, एक-दोन फॅक्स उरलेच असतील तर टी.३८ चं बघावं. सिप इंटरनेटला उघडी ठेवली तर रात्रीतून परदेशी कॉलचं बिल येऊ शकतं, एवढी काळजी घेतली की झालं. उलट रेल्वेचं ब्लॉक सिग्नलिंग, विजेच्या लाइनचं संरक्षण, इथे व्हीओआयपीचा प्रश्नच येत नाही. तिथे बोलायला कोणी नसतंच; एक यंत्र दुसऱ्या यंत्राला ठरल्या क्षणी काहीतरी सांगत असतं.

तिथेही इम्युलेशन लावलं आणि सुटलो असं होत नाही. विजेच्या लाइनचं संरक्षण करणारे लाइन डिफरन्शियल रिले लाइनच्या दोन टोकांचा करंट एकमेकांशी ताडून पाहतात, आणि त्यासाठी निरोप जायला किती वेळ लागला ते त्यांना हवं असतं. त्यांची जुनी रीत सोपी: जाऊन-येऊन लागलेला वेळ मोजायचा आणि निम्मा करायचा. जुन्या सर्किटवर जाणं-येणं एकाच वाटेने असायचं म्हणून हे जमायचं. आयपी नेटवर्कमध्ये जाणारी पॅकेटं एका वाटेने आणि येणारी दुसऱ्या वाटेने गेली, आणि दोन्हींत एक मिलिसेकंदाचा फरक पडला, तर रिलेचा हिशेब अर्ध्या मिलिसेकंदाने चुकतो. ५० हर्ट्झवर एक आवर्तन २० मिलिसेकंदांचं, म्हणजे चूक ९ अंशांची. लाइन धडधाकट असताना रिलेला तिच्यात करंट कमी-जास्त दिसू लागतो. म्हणून अशा ठिकाणी डबा घेण्याआधी नेटवर्कवाल्याला पहिला प्रश्न विचारायचा तो वेगाचा नाही: जायची आणि यायची वाट एकच बांधून देतोस का, आणि मधला फायबर तुटला तर दोन्ही वाटा एकदमच वळतील का?