लाखोरी : बांधीत पीक, बाजारात गुन्हा

धान कापायला पंधरा-वीस दिवस उरले की बांधीतल्या ओल्या चिखलात, उभ्या धानातच, लाखोरीचं बी फेकतात. नांगरट नाही, खत नाही, पाण्याची पाळी नाही. धान कापून भारे उचलले की खाली हिरवागार पाला वर आलेला दिसतो. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या धानपट्ट्यात ज्याच्याकडे रब्बीला पाणी नाही, त्याची ही डाळ. कोवळ्या शेंड्यांची भाजी होते, डाळीचं वरण होतं, वाटून वडे होतात. झाडीपट्टीत हिला लाखोरी म्हणतात, इतरत्र लाखोळी किंवा नुसती लाख. सरकारी कागदावर मात्र तिचं नाव केसरी किंवा खेसरी. आपल्याच डाळीबद्दलचा नियम वाचूनही अनेकांना तो आपल्याबद्दल आहे हे उमगलं नाही, याला हे परकं नावही कारण आहे.

1961 मध्ये या डाळीच्या विक्रीवर बंदी आली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायद्याखालच्या नियमांतला 44-अ हा तो नियम. त्याची भाषा नीट वाचण्यासारखी आहे. केसरी डाळ, तिचं पीठ, हरभऱ्यात किंवा दुसऱ्या डाळीत तिची मिसळ हे सगळं विकायचं नाही, विक्रीला मांडायचं नाही, विक्रीसाठी जवळही ठेवायचं नाही. पेरण्याबद्दल त्यात एक शब्द नाही आणि घरी शिजवून खाण्याबद्दलही नाही. शिवाय बंदी कोणत्या तारखेपासून, हे ज्या त्या राज्याने अधिसूचना काढून ठरवायचं. म्हणजे बांधीत उभं असताना ते पीक, घरच्या ताटात ते अन्न, आणि त्याच शेतकऱ्याने दोन पायली आठवडी बाजारात नेली की तो गुन्हा.

बंदीमागची भीती खोटी नव्हती, हे आधी स्पष्ट सांगायला हवं. 1829 ते 1831 या तीन वर्षांत मध्य प्रदेशातल्या सागरकडच्या गावांत गहू आधी गारपिटीने, मग पावसाअभावी, मग रोगाने गेला. तिवडा, म्हणजे हीच लाखोरी, तेवढी तगली. लोकांनी तीच खाल्ली आणि तरण्याताठ्या माणसांचे पाय कमरेखाली लुळे पडले. इंग्रज अधिकारी स्लीमन याने ते लिहून ठेवलं आहे. पुढे रिवा-सतना भागात वेठबिगारांना मजुरीच या धान्यात मिळायची, आणि तिथेही लॅथिरिझमने, म्हणजे या डाळीमुळे येणाऱ्या लुळेपणाने, माणसं काठीवर आली. या रोगात बुद्धी शाबूत राहते, पाय जातात आणि ते परत येत नाहीत. दाण्यातलं विषारी द्रव्य, ज्याला शास्त्रज्ञ ओडॅप म्हणतात, ते वेगळं काढून ओळखलं गेलं 1964 च्या सुमारास. बंदी त्याआधीच लागू होती.

पण सागर आणि रिवा इथल्या हकिगतींत एक गोष्ट सारखी आहे: ताटात दुसरं काही नव्हतं. रोजच्या आहाराचा मोठा हिस्सा, साधारण तिसरा भाग किंवा जास्त, दोन-तीन महिने सलग याच डाळीचा असला तर धोका उभा राहतो. आमच्याकडे ती भाताबरोबर वाटीभर खाल्ली जाते. ओडॅप पाण्यात विरघळतं. गरम पाण्यात डाळ भिजवून ते पाणी फेकलं तर बराच भाग निघून जातो. मला राग येतो तो इथे. उपासमार आणि वेठबिगारी यांचा दोष दाण्याच्या नावे लिहिला गेला, आणि मजुरी धान्यात देणाऱ्या मालकाऐवजी डाळ विकणाऱ्या माणसाला नियमाने पकडलं.

दुसरी बाजू भेसळीची. लाखोरीचा दाणा कुऱ्हाडीच्या पात्यासारखा, एका बाजूने उतरता आणि कोपरेदार असतो. तळहातावर घेतला तर ओळखू येतो. पण भरडून डाळ केली की ती पिवळी, तुरीत आणि हरभऱ्यात खपून जाणारी. बेसन झाल्यावर तर डोळ्यांना काहीच कळत नाही. उघड विकता येत नाही म्हणून माल पडून राहिला असं झालं नाही. तो स्वस्तात उचलला गेला आणि दुसऱ्या नावाने महाग झाला. त्या दोन भावांतलं अंतर धान पिकवणाऱ्याच्या हाती कधी लागलं नाही.

बंदीविरुद्धची लढाई नागपुरातून झाली. डॉ. शांतीलाल कोठारी यांनी वर्षानुवर्षं उपोषणं, सत्याग्रह, अर्ज-विनंत्या यांचा पिच्छा सोडला नाही, आणि 2008 मध्ये महाराष्ट्राने विक्रीबंदी उठवली. त्यांच्याच अकॅडमी ऑफ न्यूट्रिशन इम्प्रूव्हमेंटने साध्या, म्हणजे आयोडीन न घातलेल्या, मिठाच्या विक्रीबंदीलाही सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं होतं. 2011 मध्ये न्यायालयाने तो नियम कायद्याच्या चौकटीबाहेरचा ठरवला. तोही 44 क्रमांकाच्याच कुटुंबातला, 44-आय.

मोहफुलाची गोष्ट याच घरातली. जंगलातल्या माणसाचं ते खाणं, पण दारूबंदीच्या कायद्याने त्याला दारूचा कच्चा माल मानलं, म्हणून साठवायला आणि न्यायला निर्बंध होते. ते महाराष्ट्राने 2021 मध्ये काढले.

2011 मध्ये अन्नसुरक्षेचे नवे केंद्रीय नियम आले, तेव्हा केसरी डाळीची ती बंदी त्यांतही जशीच्या तशी उतरली. दरम्यान रतन, प्रतीक, महातिवडा हे कमी ओडॅपचे वाण तयार झाले आणि 2016 च्या सुरुवातीला भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांच्या बाजूने मत दिलं. बांधीत मात्र बी पडतं ते घरच्या कोठीतलं, मागच्या साली राखलेलं. ते कोणत्या वाणाचं आहे आणि त्यात ओडॅप किती, हे गावात तपासून द्यायची सोय हवी; कागदावरची बंदी असो वा नसो, खाणाऱ्याला त्याचीच गरज आहे.