ब्लाटेनची हिमनदी आटत नव्हती, वाढत होती

२८ मे २०२५ च्या दुपारी साडेतीनच्या सुमाराला स्वित्झर्लंडमधल्या ब्लाटेन गावावर बिर्ख नावाची हिमनदी कोसळली आणि काही क्षणांत गावाचा सुमारे नव्वद टक्के भाग दगड, चिखल आणि बर्फाखाली गाडला गेला. आपल्याकडे या बातमीचा ढोबळ सूर असा होता की तापमान वाढलं, हिमनदी वितळली, गाव गेलं. त्यातलं पहिलं वाक्य खरं, तिसरंही खरं. मधलं मात्र जवळजवळ उलटं आहे. आल्प्समधल्या बहुतेक सगळ्या हिमनद्या मागे हटत असताना बिर्ख पुढे सरकत होती. २०१९ पासून तिचं तोंड पन्नासेक मीटर खाली आलं होतं. वाढणारी हिमनदी गावाच्या मुळावर कशी आली, हे समजून घ्यायचं तर आधी ती दरी बघायला हवी.

टूर कंपनीबरोबर युंगफ्राउयोखला जाऊन आलेल्या मराठी माणसांची संख्या कमी नाही. ३,४५४ मीटरवरच्या त्या स्टेशनाबाहेर उभं राहून सगळेजण आलेत्श हिमनदीचे फोटो काढतात. त्याच बर्फाच्या प्रदेशातून पश्चिमेकडे एक फाटा लोत्शेनल्युके नावाच्या खिंडीपर्यंत चढतो. खिंडीपलीकडे लांग हिमनदी उतरते, तिच्यातून लोंझा नदी निघते आणि तिच्या काठाने सुमारे २७ किलोमीटर लांबीची लोत्शेनटाल दरी सुरू होते. दरीत चार ग्रामपालिका आहेत: फेर्डेन, किपेल, विलर आणि सगळ्यात वरच्या अंगाला ब्लाटेन. ब्लाटेन १,५४० मीटर उंचीवर, वस्ती जेमतेम तीनशे. सूचिपर्णी लाकडाची, उन्हाने काळी पडलेली जुनी घरं. धान्याची कोठारं खांबांवर उचललेली आणि खांब व कोठार यांच्यामध्ये एकेक गोल सपाट दगड. उंदीर खांबावरून चढतो, पण दगडाच्या खालच्या अंगाला उलटं लटकून पुढे जाणं त्याला जमत नाही.

हिमयुगातल्या मोठ्या हिमनदीने ही दरी खरवडून रुंद केली. खालच्या टोकाला मात्र लोंझा दक्षिणेकडे वळून एका अरुंद घळीतून ऱ्होनच्या खोऱ्यात पडते. घळीतली वाट हिमप्रपातांच्या माऱ्यातली, त्यामुळे शतकानुशतकं इथले लोक हिवाळ्यात जगापासून तुटलेले असत. उत्तरेकडे जायचं तर २,६९० मीटर उंचीची लोत्शेन खिंड ओलांडायची. ही वाट फार जुनी. खिंडीतल्या बर्फातून कांस्ययुगातल्या वस्तू बाहेर आल्या आहेत. त्यातल्या सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या एका लाकडी डब्याच्या तळाशी चिकटलेल्या थराची रासायनिक तपासणी केली, तेव्हा त्यात गहू-जवासारख्या धान्याच्या खुणा सापडल्या. कुणाची तरी वाटेतली शिदोरी!

दरीचं एकटेपण संपवलं ते रेल्वेने. १९१३ साली १४.६ किलोमीटर लांबीचा लोत्शबर्ग बोगदा सुरू झाला. तो खणताना २४ जुलै १९०८ रोजी एका सुरुंगानंतर कठीण खडकाऐवजी पाणी आणि गाळ आत घुसला आणि २५ कामगार मेले. वर गास्टर्न दरीचा तळ होता. त्या दरीतला गाळ बोगद्यापर्यंत पोचणार नाही असा अंदाज होता, पण जुन्या हिमनदीने खडक त्याहून कितीतरी खोल कोरून ठेवला होता आणि तो खड्डा नंतर गाळाने भरला होता. शेवटी बोगदा वळवून न्यावा लागला. याच लोंझाच्या पाण्यावर वीज काढायला १८९७ मध्ये दरीच्या तोंडाशी गाम्पेल इथे एक कंपनी निघाली आणि तिने नदीचंच नाव घेतलं. कोविडच्या काळात मॉडर्नाच्या लशीचा मूळ घटक बनवणारी लोंझा ती हीच.

आता मूळ मुद्द्याकडे. ब्लाटेनच्या समोर, नदीपलीकडे, ३,९३४ मीटर उंचीचा बीट्शहॉर्न उभा आहे. त्याच्या उत्तरेकडच्या अंगावर बिर्ख हिमनदी होती. लहानशी, पण भलत्याच चढाची. तिच्या डोक्यावर क्लाइनेस नेस्टहॉर्न हे ३,३४१ मीटरचं शिखर. इतक्या उंचीवर उत्तरेकडे तोंड करून असलेल्या कड्यांमध्ये खडकाच्या भेगांतलं पाणी वर्षानुवर्षं गोठलेलं असतं. यालाच पर्माफ्रॉस्ट म्हणतात. भेगांतला हा बर्फ सिमेंटचं काम करतो, पण हे सिमेंट तापमानाला हळवं असतं. बर्फ शून्य अंशाला वितळतो हे शाळेत शिकवतात, तो उणे एक-दीड अंशालाच मऊ पडू लागतो हे सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे कडा ढिला व्हायला बर्फाचं पाणी होण्याचीही गरज नसते. स्वित्झर्लंडमध्ये कोर्वाच इथे १९८७ पासून एका विंधनविवरात जमिनीखालचं तापमान मोजलं जातंय आणि ते चढत गेलं आहे. नेस्टहॉर्नचा कडा केवळ यामुळेच ढासळला असं एका घटनेवरून सिद्ध करता येत नाही. तिथला खडक मुळातच तडे गेलेला आहे. पण तापमानवाढीचा हात असल्याची शंका घ्यायला भरपूर जागा आहे.

तर, नेस्टहॉर्नवरून बरीच वर्षं दगड पडत होते आणि ते पडत होते थेट बिर्खच्या अंगावर. हिमनदीवर दगडांचा अगदी पातळ, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरचा थर असला तर काळे दगड ऊन शोषतात आणि बर्फ जास्त वेगाने वितळतो. थर जाड झाला की परिणाम उलटतो. रसवंतीवाला बर्फाची लादी गोणपाटात गुंडाळून ठेवतो, तसं ते दगडांचं पांघरूण बर्फाला उन्हापासून वाचवू लागतं. बिर्खचा खालचा भाग असा झाकला गेला. आजूबाजूच्या हिमनद्या आटत असताना हिची जीभ जाड होत गेली.

पांघरुणाला वजनही असतं, आणि इथे मला या विषयातला सगळ्यात आवडता नियम आणावासा वाटतो. बर्फ घन असला तरी ताणाखाली तो अतिशय सावकाश वाहतो. किती सावकाश, ते ताणाच्या तिसऱ्या घातावर अवलंबून असतं. ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ जॉन ग्लेन यांनी १९५० च्या दशकात बर्फाच्या तुकड्यांवर दाब देऊन हे मोजलं. पाण्यासारख्या द्रवात ताण दुप्पट केला की वाहण्याचा दर दुप्पट होतो. बर्फात तो आठपट होतो. ताण तिप्पट केला तर सत्तावीसपट. हिमनदीच्या तळाशी हा ताण कशाने ठरतो? वरच्या थराचं वजन गुणिले उताराच्या कोनाची साइन. बिर्खचा उतार तीव्र होता, म्हणजे साइन मोठी. राहिलं वजन.

मेच्या मध्यावर नेस्टहॉर्न गंभीरपणे ढासळू लागला आणि पुढच्या काही दिवसांत हिमनदीवर सुमारे ९० लाख टन दगड साचले. हिमनदीतला बर्फ होता साधारण तीस लाख घनमीटर, म्हणजे २७ लाख टन. बर्फाच्या तिप्पटीहून जास्त वजनाचे दगड बर्फाच्या पाठीवर! ते सगळीकडे सारखे पसरले असते, तर तळाचा ताण चौपट झाला असता आणि ग्लेनच्या नियमाने बर्फाच्या आतल्या प्रवाहाचा वेग चौसष्टपट. प्रत्यक्षात दगड सारखे पसरलेले नव्हते, शिवाय तळाशी पाणी शिरलं की हिमनदी वाहण्याऐवजी आख्खीच घसरायला लागते, म्हणून हा गुणाकार शब्दशः घेऊ नये. पण दिशा कळते. रडारने मोजलेला वेग सुरुवातीला दिवसाला मीटरच्या आत होता, शेवटी तो दहा मीटरपर्यंत गेला. आणि मग हिमनदी सुटली.

स्विस भूकंपमापकांवर या कोसळण्याची नोंद ३.१ रिश्टरच्या भूकंपाएवढी झाली. खाली आला सुमारे साठ लाख घनमीटर खडक आणि तीस लाख घनमीटर बर्फ. हा लोंढा लोंझा नदी ओलांडून समोरच्या उतारावर चढला. दोनेक किलोमीटर लांबीचा ढिगारा लोंझाच्या वाटेत पडला, मागे तलाव साचला आणि जी घरं दगडांतून वाचली होती त्यांतली बहुतेक पाण्यात गेली.

आपल्याला यावरून उत्तराखंडातलं चमोली आठवायला हवं. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंती शिखराचा कडा असाच बर्फासकट सुटला, पण तिथे ढिगारा न साचता महापूर आला, दोन जलविद्युत प्रकल्प उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. हा फरक का पडला, ते हिशोबाने दिसतं. एक किलो वस्तू ब्लाटेनमधल्यासारखी ११०० मीटर खाली आली की साधारण ११ किलोज्यूल ऊर्जा मोकळी होते. ती सगळी घर्षणाने उष्णता झाली असं धरू. एक किलो बर्फ वितळवायला ३३४ किलोज्यूल लागतात. म्हणजे खाली आलेल्या दर किलोमागे फार तर ३३ ग्रॅम बर्फ वितळेल. ब्लाटेनला खडक-बर्फ मिळून सुमारे १.९ कोटी टन खाली आले, त्यातून वितळला असेल जास्तीत जास्त सहा लाख टन बर्फ. २७ लाखांपैकी पाव हिस्सासुद्धा नाही. बाकीचा बर्फ ढिगाऱ्यातच राहिला. चमोलीत सुटलेल्या २.७ कोटी घनमीटरमध्ये खडक ८० टक्के आणि बर्फ फक्त २० टक्के होता. वजनात मोजलं तर दर किलोत बर्फ जेमतेम ७७ ग्रॅम. आणि शिखरापासून खालच्या, चमोलीतल्याच तपोवनपर्यंतची उतरण ३४०० मीटरच्या घरात, म्हणजे दर किलोला १०० ग्रॅम बर्फ वितळवायला पुरेल एवढी उष्णता. बर्फ कमी आणि उष्णता जास्त, त्यामुळे जवळजवळ सगळ्याचं पाणी झालं. फेब्रुवारीत, पाऊस नसताना एवढं पाणी आलं कुठून, या तेव्हा सगळ्यांना पडलेल्या कोड्याचा मोठा भाग या एका भागाकारात सुटतो.

माणसांच्या बाबतीतला फरक मात्र भौतिकशास्त्राचा नाही. बिर्खवरून पूर्वीही बर्फ तुटून पडला होता, त्यामुळे तिच्यावर १९९० च्या दशकापासून लक्ष होतं. कडा हलतोय हे दिसल्यावर रडार आणि कॅमेरे लागले आणि १९ मेला, म्हणजे नऊ दिवस आधी, सगळं गाव रिकामं केलं. गुरंही हलवली. जखमी झालेली एक गाय तर हेलिकॉप्टरला टांगून खाली नेली. बंद केलेल्या भागाबाहेर असलेला एक माणूस तेवढा दगावला. याच वाले प्रांतात ३० ऑगस्ट १९६५ रोजी माटमार्क धरणाच्या बांधकामावर आलालिन हिमनदीचं टोक कोसळलं होतं, तेव्हा ८८ कामगार मेले. त्यांच्या राहण्याच्या बराकी थेट हिमनदीखाली बांधलेल्या होत्या.

अशा घटनेनंतर देवाच्या कोपाची भाषा सुरू होतेच. २०१३ च्या केदारनाथच्या पुराचं खापर धारी देवीची मूर्ती हलवण्यावर फोडलेलं आपण ऐकलं आहे. युरोपही यात मागे नाही. आलेत्शजवळच्या फीश आणि फीशरटाल गावांनी १६७८ मध्ये नवस केला होता की हिमनदी वाढायची थांबू दे. तेव्हा थंडीचं शतक होतं, बर्फ शेतांवर चाल करून येत होता. पुढे तीच हिमनदी आटायला लागली, तेव्हा गावकऱ्यांनी प्रार्थना उलटी करायला व्हॅटिकनची परवानगी मागितली आणि २०१० मध्ये ती मिळालीही. हिमनदी दोन्ही वेळा तापमान आणि हिमवर्षाव यांच्याच हिशोबाने चालली. दुसऱ्या टोकाला, प्रत्येक दरडीवर 'हवामान बदल' असा शिक्का मारून मोकळं होणं हाही आळसच. माळीण २०१४ मध्ये गाडलं गेलं ते मुसळधार पावसात भिजून जड झालेल्या मातीखाली. तिथे ना बर्फ होता ना पर्माफ्रॉस्ट. त्या उताराला ब्लाटेनचं गणित लावून काही हाती लागणार नाही.

गाव पुन्हा वसवायचं ग्रामपालिकेने ठरवलं आहे. वरच्या अंगाचा वाइसेनरीड पाडा वाचला, त्याचा आधार आहे. अडचण ढिगाऱ्याची आहे. त्याच्या पोटात वीस लाख टनांच्या आसपास बर्फ अडकलेला, वर दगडांचं जाड पांघरूण, म्हणजे तो वितळणार तोही रेंगाळत. तो वितळेल तसा ढिगारा जागोजागी खचत राहणार आणि लोंझा त्यातून आपलं पात्र बदलत जाणार. म्हणून तिथे पाया घालण्याआधी त्याची उंची पुन्हापुन्हा मोजावी लागणार आहे. नेस्टहॉर्नवरही अजून सुटा खडक आहे, त्यामुळे रडार काढून घेण्याची घाई कुणाला नाही.