मेलेल्या पेशींची मलमपट्टी

शेवाळ म्हटलं की पाय घसरतो, एवढंच आपल्या डोक्यात असतं. पण ओल्या दगडावरची ती हिरवी मखमल बहुतेक वेळा शेवाळ नसतेच, ते मॉस असतं. शाळेत ‘ब्रायोफायटा (मॉस ज्या गटात मोडतं तो गट) म्हणजे वनस्पतींमधले उभयचर’ असं घोकून फ्युनेरिया नावाच्या मॉसची आकृती काढली, की विषय संपला. माणसानं मात्र हे मॉस पिढ्यान् पिढ्या वापरलं. इंग्लंडमध्ये डोव्हरला 1992 साली साडेतीन हजार वर्षांपूर्वीची होडी सापडली, तिच्या फळ्यांच्या फटी मॉस ठासून बुजवल्या होत्या. उत्तर अमेरिकेतले मूलनिवासी तान्ह्या बाळाच्या दुपट्यात वाळकं मॉस भरत.

दुपट्यातलं ते मॉस बहुधा दलदलीतलं स्फॅग्नम. त्याचं पान जेमतेम एका पेशीच्या जाडीचं. सूक्ष्मदर्शकाखाली हिरव्या, चिंचोळ्या, जिवंत पेशींची जाळी दिसते, आणि जाळीच्या घरांत मोठमोठ्या रिकाम्या पेशी. या पेशी वाढ पुरी झाली की मरतात, आतलं सगळं नाहीसं होतं, उरतात फक्त भिंती. भिंतींना भोकं, म्हणून पाणी आत शिरतं. आतून स्प्रिंगसारखी वेटोळी, म्हणून वाळल्यावरही पेशी चपटत नाही. वाळकं स्फॅग्नम फिकट दिसतं ते या पेशींत हवा भरल्यामुळे. पाण्यात टाका, वजनाच्या वीसेक पट पाणी पिऊन बसतं. मेल्यावर इतकं काम करणाऱ्या पेशी मला तरी फार आवडतात!

भिंतींचं रसायनही मजेदार आहे. त्यांतले युरोनिक आम्लांचे गट पाण्यातले कॅल्शियम, मॅग्नेशियमचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन आयन सोडतात. त्यामुळे भोवतालचं पाणी आम्लधर्मी होतं आणि बऱ्याच जिवाणूंना तिथं वाढणं जड जातं. डेन्मार्कच्या दलदलीत 1950 साली सापडलेल्या ‘टोलुंड मानव’ या टिकून राहिलेल्या प्राचीन प्रेताच्या हनुवटीवर दोन हजारांहून अधिक वर्षांनंतरही दाढीचे खुंट दिसत होते, त्यात या आम्लाचा वाटा आहे. थंडीचा आणि ऑक्सिजनच्या अभावाचाही.

पहिल्या महायुद्धात कापूस स्फोटकांसाठी लागू लागला, तेव्हा एडिंबराचे शल्यविशारद कॅथकार्ट आणि वनस्पतिशास्त्रज्ञ बाल्फोर यांनी जखमांसाठी स्फॅग्नमचा आग्रह धरला. 1918 पर्यंत ब्रिटनमधून महिन्याला सुमारे दहा लाख मॉसच्या पट्ट्या जात होत्या. स्राव एका जागी न साचता पट्टीभर पसरायचा, त्यामुळे ती लवकर बदलावी लागत नसे.

याउलट मॉसचं भावंड लिव्हरवर्ट. त्याचा आकार यकृतासारखा दिसतो, म्हणून ते यकृतावर औषध, असं युरोपात शतकानुशतकं मानलं गेलं. या तर्कानं अक्रोड खाऊन मेंदू वाढायला हवा.

आणि स्फॅग्नम ‘नैसर्गिक’ म्हणून निर्धोक, असंही नाही. 1988 साली अमेरिकेत रोपांभोवती गुंडाळलेलं स्फॅग्नम हाताळणाऱ्या 84 जणांना त्यातल्या स्पोरोथ्रिक्स बुरशीमुळे त्वचेचे व्रण झाले होते. बुरशीला आम्लाचं वावडं नसतं.