शेडमधला जुना सॉकेट आणि तिसऱ्या भोकाची गोष्ट

आवारातल्या शेडमधला दोन भोकांचा जुना सॉकेट काढून तिथे तीन भोकांचा नवा लावणं हे वरवर पाहता दोन स्क्रूंचं काम. प्लग बसतो, मशीन फिरतं, आपण खूश. पण तिसऱ्या भोकामागे वायरच नसेल तर जुना सॉकेट बरा होता म्हणायचा. निदान तो अर्थिंग, म्हणजे गळणारी वीज जमिनीत नेणारी तार, असल्याचा आव तरी आणत नव्हता.

घरांत वीज आली ती दिव्यासाठी. इस्त्री लावायची तर दिव्याच्या होल्डरमधूनच वायर ओढायची. अमेरिकेत हार्वी हबेल यांनी 1904 साली सुट्या प्लगचं पेटंट घेतलं, तेव्हाही बहुतेक घरांच्या भिंतीत सॉकेट नव्हताच. दिव्याच्या जागी एक तुकडा पिळून बसवायचा आणि त्यात प्लग खुपसायचा. यायला एक तार (फेज), जायला एक तार (न्यूट्रल), एवढ्यावर भागत होतं. धातूच्या अंगाची उपकरणं वाढली, आतली फेज सुटून अंगाला लागली की हात लावणाऱ्याला झटका बसू लागला, आणि तिसऱ्या पिनची गरज कळली. फिलिप लाब्रे यांचं अर्थिंगच्या पिनचं अमेरिकी पेटंट 1928 चं. ब्रिटनमध्ये 1934 साली तीन गोल पिनांचं मानक ठरलं. त्यातली अर्थची पिन लांब असते, म्हणजे प्लग खुपसताना ती आधी टेकते आणि उपसताना शेवटी सुटते. अमेरिकेत मात्र नव्या कामात अर्थिंगचे सॉकेट सरसकट सक्तीचे व्हायला 1962 उजाडलं.

मधल्या काळात लोकांनी जुगाड केले. अर्थची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधली जायची. पुढे नळ प्लास्टिकचे झाले, तार मात्र जागच्या जागी राहिली. दिसायला अर्थिंग, प्रत्यक्षात काहीच नाही. त्याहून वाईट म्हणजे सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थच्या टोकांना वायरचा तुकडा जोडून मोकळं होणं. न्यूट्रल शाबूत आहे तोवर सगळं ठीक. ती मागे कुठे तुटली की चालू उपकरणाच्या अंगावर थेट फेज येते, आणि तेही काही बिघाड नसताना. जुना सॉकेट उघडल्यावर असा तुकडा दिसला तर नव्यात तो तसाच उतरवायचा नाही.

वायरचं वयही बघावं लागतं. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तांब्यावर रबर असायचं, वरून सुती वेष्टण; पीव्हीसी नंतर आलं. भिंतीत न हलवता पडून असलेलं हे रबर वरवर धड दिसतं. सॉकेट पुढे ओढून वायर जरा वाकवली की त्याच्या खपल्या पडतात आणि बोटभर तांबं उघडं पडतं. अशा वायरवर नवा सॉकेट लावणं व्यर्थ आहे, वायरच बदलायला हवी. रंगावरही विसंबू नये. ब्रिटनमध्ये लाल म्हणजे फेज होती, तर जर्मनीत 1960 च्या दशकापर्यंत लाल म्हणजे चक्क अर्थ!

शेडची खरी अडचण जमिनीत आहे. ओल, उघडा कोबा, पायात कधी चप्पल तर कधी तीही नाही. ओल्या अंगाचा रोध 1000 ओहम धरला तर 230 व्होल्टला अंगातून 230 मिलिअँपिअर जातात. जीव घ्यायला तेवढे पुरेसे, पण 5 अँपिअरच्या फ्यूजला त्याचा पत्ताही लागत नाही. फ्यूज वायर जळू नये म्हणून असतो, माणसासाठी नाही. नुसता अर्थ रॉड ठोकूनही भागत नाही. रॉडचा रोध 50 ओहम असेल तर बिघाडात जेमतेम 4.6 अँपिअर वाहतात आणि 16 अँपिअरचा एमसीबी (जास्त प्रवाह झाला की आपोआप पडणारा स्विच) ढिम्म हलत नाही.

ही फट बुजवायला गेलेला आणि परतलेला प्रवाह ताडून पाहणारं, आणि फरक दिसला की वीज तोडणारं यंत्र लागलं. दक्षिण आफ्रिकेच्या सोन्याच्या खाणींसाठी हेन्री रुबिन यांनी 1950 च्या दशकात त्याचं संवेदनशील रूप घडवलं. अमेरिकेत चार्ल्स डालझील यांनी माणसाला किती प्रवाह सोसतो याचे प्रयोग केले आणि 1961 च्या सुमारास 5 मिलिअँपिअरला तुटणारं यंत्र आणलं. आज बऱ्याच देशांत माणसाच्या रक्षणासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे हेच यंत्र, लावतात. असं यंत्र सक्तीचं करणाऱ्या अमेरिकेच्या नियमांत गॅरेजचा नंबर 1978 साली लागला, बाथरूमच्याही मागून.

घराची वायरिंग बदलली तरी शेड बहुधा मागे राहते. उरलेल्या वायरीतून कुणीतरी कधीतरी तिथे लाइन नेलेली असते आणि ती कुठल्या फ्यूजवर आहे हे कुणाच्या लक्षात नसतं. घराचा मेन बंद केला म्हणून शेड बंद झाली, असं धरू नये. टेस्टर किंवा मीटर आधी चालू पॉइंटवर तपासायचा, मग शेडच्या सॉकेटवर, आणि पुन्हा चालू पॉइंटवर, कारण टेस्टरच मेलेला असू शकतो. शिवाय टेस्टर फेज सांगतो, अर्थिंगबद्दल तो मुका. त्यासाठी वायरमनकडून अर्थ मोजून घ्यावा लागतो, आणि खरा अर्थ मिळेपर्यंत तीन भोकांचा सॉकेट पिशवीतच ठेवलेला बरा.